ग्रीक मठांतील औषधींची बाडे

इ. स. १९३४ मध्ये इंग्लंडातील क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पति-उद्यानाचे संचालक सर आर्थर हिल हे उत्तर ग्रीसमधील आथोस पर्वतावर गेले असता त्यांची एका वृद्ध साधूशी गाठ पडली. आथोस हा ख्रिस्ती मठांचा डोंगराळ द्वीपकल्प असून तेथे हजार वर्षांहून अधिक काळ मठवासी साधूंची वस्ती आहे. हा वृद्ध साधू त्या मठसमुदायाचा अधिकृत वनस्पतिज्ञ होता. पायघोळ काळा झगा घालून तो डोंगरवाटांनी झपझप चाले, क्वचित खेचरावर बसे, आणि एक मोठी काळी पिशवी नेहमी त्याच्याबरोबर असे. त्या पिशवीत चार हस्तलिखित खंड होते. पाहताक्षणी जिचे नाव सांगता येत नाही अशी वनस्पती भेटली, की तो पिशवी उघडी, हवे ते पान विलक्षण वेगाने काढी आणि वनस्पतीची ओळख पटवून घेई. निदान त्याचे स्वतःचे समाधान तरी होई, असे हिल यांनी नमूद करून ठेवले आहे. ते चार खंड म्हणजे डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ होता, आणि ती प्रत बहुधा त्या साधूने स्वहस्ते उतरून घेतलेली होती.

डायोस्कोरिडीस होऊन गेला इसवी सनाच्या पहिल्या शतकात. म्हणजे सुमारे साडेअठराशे वर्षांपूर्वी लिहिला गेलेला एक ग्रंथ विसाव्या शतकात संग्रहालयाच्या कपाटात नव्हे, तर रानात, रोजच्या कामाचे पुस्तक म्हणून वापरात होता. ही घटना कळल्यावर मनात दोन प्रश्न उभे राहतात. एवढा दीर्घ काळ ही विद्या टिकली कशी, हा पहिला. आणि वापरणाऱ्याचे स्वतःचे समाधान ही तिच्या खरेपणाची पुरेशी कसोटी आहे काय, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ग्रीक भाषेत ज्यांस 'इआत्रोसोफिया' म्हणतात, त्या वैद्यकीय बाडांची ओळख करून घेणे अवश्य आहे.

मूळ ग्रंथ आणि त्याचा प्रवास

डायोस्कोरिडीस हा आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागातील अनाझार्बस या गावचा. त्याने औषधिद्रव्यांवर पाच भागांचा ग्रंथ रचला. त्यात सुमारे सहाशे वनस्पतींचे आणि प्राणिज व खनिज पदार्थ धरून जवळजवळ एक हजार द्रव्यांचे वर्णन आहे. वनस्पती कोठे उगवते, तिचे पान, मूळ व फूल कसे असते, ती कोणत्या विकारावर आणि किती प्रमाणात द्यावी, तिच्यात भेसळ कशी होते व ती कशी ओळखावी, अशी त्याची मांडणी आहे. तत्त्वचर्चा जवळजवळ नाही. पुढील शतकात गेलन या वैद्याने रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार धातूंच्या उपपत्तीला पक्के शास्त्रीय रूप दिले आणि उष्ण, शीत, स्निग्ध व रूक्ष या गुणांनुसार द्रव्यांच्या शक्तीच्या पायऱ्या ठरविल्या. आपल्या त्रिदोषविचाराशी या उपपत्तीचे साम्य चटकन जाणवते. परंतु दोन्हींची घडण वेगळी आहे आणि साम्यावरून एकास दुसऱ्याची नक्कल ठरविणे योग्य नव्हे.

डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाची सर्वांत प्रख्यात सचित्र प्रत इ. स. ५१२ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे अनिकिया युलियाना या राजकुलातील स्त्रीसाठी तयार झाली. तीत वनस्पतींची जवळपास चारशे चित्रे आहेत. पुढे ती त्याच नगरातील एका मठाच्या रुग्णालयात आली. तेथील नाथानाएल नावाच्या साधूने १४०६ मध्ये ती नव्याने बांधवून घेतली. १४५३ मध्ये नगर उस्मानी तुर्कांच्या हाती गेल्यावर ती सुलतान सुलेमानच्या ज्यू वैद्याच्या घराण्यात गेली आणि १५६९ मध्ये व्हिएन्नाच्या सम्राटासाठी विकत घेतली गेली. आजही ती व्हिएन्ना येथेच आहे. या प्रतीच्या पानांवर मूळ मजकुराच्या व चित्रांच्या आजूबाजूस निरनिराळ्या वाचकांनी वनस्पतींची नावे ग्रीक, अरबी, तुर्की व हिब्रू या भाषांत लिहून ठेवली आहेत. म्हणजे ग्रंथ हातोहात जात असता प्रत्येक हाताने 'आमच्याकडे हिला असे म्हणतात' एवढी भर घातली. ग्रंथ जिवंत राहण्याचे एक कारण येथेच दृष्टीस पडते.

रुग्णालये आणि मठ

आजाऱ्याची शुश्रूषा हे धर्मकृत्य मानून त्यासाठी स्वतंत्र वास्तू उभारण्याची प्रथा पूर्वेकडील ख्रिस्ती जगात चौथ्या शतकात दृढ झाली. सिझेरिआचा धर्माध्यक्ष बेसिल याने आपल्या नगराबाहेर दरिद्री, प्रवासी व कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत वसविली. ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्याने औषध घ्यावे काय, हा प्रश्न त्या काळच्या साधूंना खरोखरच पडत असे. त्यावर बेसिलने आपल्या मठनियमांत जो निर्णय दिला त्याचा सारांश असा, की जमिनीतून उगवणाऱ्या औषधी ही ईश्वराचीच देणगी असून शेती जशी भुकेवर, तसे वैद्यक रोगावर दिलेले साधन आहे. मात्र आरोग्याची सारी आशा वैद्यकावरच ठेवणे चूक होय. या निर्णयामुळे मठांच्या आवारात औषधींच्या बागेला आणि ग्रंथसंग्रहात वैद्यकाच्या पोथीला मानाचे स्थान मिळाले.

या परंपरेचे प्रगत रूप पाहावयाचे असेल तर कॉन्स्टँटिनोपलच्या पांतोक्रातोर मठाची ११३६ ची नियमावली पाहावी. सम्राट योआनिस कोम्निनोस याने स्थापिलेल्या या मठाच्या रुग्णालयात पन्नास खाटा होत्या: दहा जखमा व अस्थिभंग यांसाठी, आठ नेत्ररोग व आतड्याचे विकार यांसाठी, बारा स्त्रियांसाठी आणि उरलेल्या वीस सामान्य रोग्यांसाठी. तेथे वैद्य होते, औषधे बनविणारे होते आणि नवशिक्यांना वैद्यक शिकविण्यासाठी एक शिक्षकही नेमलेला होता.

अशा रुग्णालयांत काम करणाऱ्यास गेलनचे शेकडो पृष्ठांचे वादग्रंथ घेऊन बसण्यास सवड नसे. त्यास हवे असे ते छोटे, हाताशी राहणारे टाचण: कोणत्या तक्रारीवर काय, किती व कसे द्यावे. ओरिबासियस, आएटियस, ट्रालेसचा अलेक्झांडर, आएगिनाचा पॉल अशा चौथ्या ते सातव्या शतकांतील ग्रंथकारांनी प्राचीन वैद्यकाचे सारग्रंथ तयार केले होतेच. तेराव्या शतकात निकोलाओस मिरेप्सोस याने अडीच हजारांहून अधिक कृतींचा प्रचंड संग्रह वर्णानुक्रमे लावला. या साऱ्यांतून निवडून, कापून, जोडून जी व्यवहारोपयोगी बाडे तयार झाली त्यांस 'इआत्रोसोफिया' हे नाव मिळाले. 'इआत्रोस' म्हणजे वैद्य आणि 'सोफिया' म्हणजे ज्ञान. ही बाडे बायझंटाइन साम्राज्याबरोबर संपली नाहीत. तुर्की अमदानीत ग्रीक भाषेतील उच्च वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे उरली नाहीत, तेव्हा तर त्यांचे महत्त्व वाढलेच. मठांत, धर्मगुरूंच्या घरी, खेडोपाडीच्या वैद्यांच्या झोळीत ती उतरून घेतली जात राहिली. एपिरस प्रांतातील विकोस दरीच्या आसपासचे वैद्य तेथील औषधी घेऊन दूरदूरच्या प्रदेशांत फिरत. त्यांच्या वर्गाला लोक 'कोंबोयानितिस' म्हणत. आज ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'भोंदू वैद्य' असाच उरला आहे. शब्दाची ही घसरण लक्षात ठेवण्यासारखी आहे; तिचा संबंध पुढे येईल.

बाडाचे अंतरंग

बाड उघडले की प्रथम ध्यानात येते ती त्याची सरमिसळ. पुष्कळ बाडांत रोग डोक्यापासून पायांपर्यंत क्रमाने लावलेले असतात: डोकेदुखी, डोळे, कान, दात, छाती, पोट, मूत्रविकार, सांधे. प्रत्येक कृती दोन-चार ओळींची. सताप, पुदिना, बडीशेप, बाबुना यांसारख्या वनस्पती. मध, शिरका, द्राक्षासव व जैतुनाचे तेल ही अनुपाने. कुटावे, शिजवावे, गाळावे, लेप द्यावा, उपाशीपोटी प्यावे, अशी आज्ञार्थी क्रियापदे. मधूनच रक्त काढण्यास योग्य-अयोग्य दिवसांची कोष्टके, लघवीच्या रंगावरून रोग ओळखण्याची रीत, चंद्राच्या कला, आणि ज्वर उतरावा किंवा रक्तस्राव थांबावा म्हणून म्हणावयाच्या प्रार्थना. कोठे हिपोक्राटीसचे किंवा गेलनचे नाव आधारास घेतलेले; कोठे 'हे अनुभवास आलेले आहे' अशा अर्थाचा शेरा.

मापांचा प्रकार असाच. जुन्या बाडांत लित्रा व औंस, नंतरच्यांत तुर्की राजवटीतील ओका व द्राम. चारशे द्राम म्हणजे एक ओका, आणि हे माप ग्रीसमध्ये १९५९ पर्यंत व्यवहारात होते. तोळा, मासा व गुंज यांचा हिशेब ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. एखादे द्रव्य न मिळाल्यास त्याऐवजी कोणते घ्यावे याच्या याद्या ग्रीक वैद्यकात फार जुन्या आहेत. आयुर्वेदातील प्रतिनिधिद्रव्यांच्या कल्पनेशी त्यांचे उघड साम्य आहे.

भाषेच्या शिक्षकांस या बाडांचे विशेष अगत्य वाटावे असे कारण वेगळेच आहे. बायझंटाइन काळात विद्वानांची ग्रीक आणि बाजारात बोलली जाणारी ग्रीक यांत मोठे अंतर पडले होते. पंडिताने लिहावयाचे ते प्राचीन वळणाच्या भाषेत, असा दंडक होता. वैद्यकाच्या बाडाला तो पाळणे परवडत नसे; कारण वाचणाऱ्यास कृती समजली नाही तर रोग्याच्या जिवाशी गाठ. बायझंटाइन काळाच्या उत्तरार्धात योआनिस नावाच्या वैद्याचा एक चिकित्साग्रंथ प्रचारात होता. त्याची पुढे बोलीच्या वळणाची आवृत्ती तयार झाली. बार्बरा झिप्सर यांनी २००९ मध्ये तो संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा वैद्यकाच्या इतिहासाइतकीच ग्रीक बोलीच्या इतिहासासही सामग्री मिळाली. क्रीट बेटातील आगापिओस लांदोस या साधूने १६४३ मध्ये व्हेनिस येथे 'गेओपोनिकॉन' हा ग्रंथ छापविला. शेती, कलमे बांधणे, खाद्यपदार्थांचे गुणदोष आणि घरगुती औषधे असे त्याचे विषय असून भाषा जाणूनबुजून लोकांची ठेवलेली आहे. तो अनेकदा पुनर्मुद्रित झाला, आणि छापील ग्रंथातून पुन्हा हस्तलिखित बाडांत उतरवून घेतला गेला. ज्ञान देववाणीत कोंडून न ठेवता देशी भाषेत आणणाऱ्या संतमहंतांचा वारसा सांगणाऱ्या मराठी वाचकास या साधूची भूमिका परकी वाटू नये.

पुढे ग्रीसमध्ये जुन्या वळणाची 'शुद्ध' भाषा आणि लोकभाषा यांचा वाद दीर्घकाळ चालला; १९७६ मध्ये लोकभाषेला शिक्षणात अधिकृत स्थान मिळाले. त्या वादाच्या काळात बाडांची सरमिसळ भाषा पुष्कळ पंडितांस भ्रष्ट वाटली. १८३७ मध्ये अथेन्सच्या विद्यापीठाबरोबर आधुनिक वैद्यकाची शाखा सुरू झाली होती. तिच्या पदवीधरांस बाडांतील वैद्यक अडाणी वाटले. अशा रीतीने भाषाशास्त्री आणि वैद्य या दोघांनीही पाठ फिरविल्यामुळे ही हस्तलिखिते दीर्घकाळ अभ्यासाबाहेर राहिली.

नावांचा प्रश्न

औषधींच्या कोणत्याही जुन्या ग्रंथात सर्वांत नाजूक जागा असते ती नावाची. कृती अचूक उतरली, माप अचूक कळले, पण वनस्पती दुसरीच घेतली, तर सर्व व्यर्थ, प्रसंगी घातक. याचे उदाहरण ग्रीक ग्रंथाच्या अरबी प्रवासातच मिळते. डायोस्कोरिडीसचा ग्रंथ नवव्या शतकात बगदाद येथे अरबीत आणला गेला. ज्या वनस्पतींची अरबी नावे भाषांतरकारास ठाऊक नव्हती, ती त्याने ग्रीक उच्चारांतच ठेवली. पुढे कोणी जाणता भेटेल तेव्हा उलगडा होईल, या आशेने. दहाव्या शतकाच्या मध्यास बायझंटाइन सम्राटाने स्पेनमधील कोर्दोव्हाच्या खलिफास या ग्रंथाची सचित्र ग्रीक प्रत भेट पाठविली. परंतु तेथे ग्रीक जाणणारा कोणी नव्हता. तेव्हा मागाहून निकोलास नावाचा एक साधू पाठविण्यात आला, आणि त्याच्या साहाय्याने तेथील वैद्यांनी उरलेल्या नावांचा छडा लावला. पुस्तक एकटे पुरेसे नव्हते. त्यातील शब्द ऐकून रानातील झाडाकडे बोट दाखविणारा माणूस हवा होता.

हीच गोष्ट आठशे वर्षांनी पुन्हा अनुभवास आली. ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन सिब्थॉर्प यांना डायोस्कोरिडीसच्या वनस्पती कोणत्या, हे निश्चित करावयाचे होते. त्यांनी आधी व्हिएन्नाची प्राचीन प्रत अभ्यासली आणि १७८६-८७ मध्ये फर्डिनांड बाउअर या चित्रकारासह ग्रीस, सायप्रस व आसपासच्या प्रदेशांत प्रवास केला. तेथे शेतकरी, धनगर व साधू वनस्पतींना कोणत्या नावांनी ओळखतात, हे त्यांनी विचारून टिपून घेतले. कारण लोकांच्या तोंडी प्राचीन नावे थोड्या बदललेल्या रूपात टिकून राहिलेली होती. पंडितांनी शतकानुशतके घातलेले वाद काही ठिकाणी एखाद्या मेंढपाळाच्या एका शब्दाने मिटावे, यात भाषेच्या अभ्यासकास समाधान वाटल्यावाचून राहत नाही. या प्रवासातून निर्माण झालेला 'फ्लोरा ग्रीका' हा दहा खंडांचा भव्य ग्रंथ सिब्थॉर्प यांच्या मृत्यूनंतर १८०६ ते १८४० या काळात प्रसिद्ध झाला.

आपल्या ओळखीच्या काही वस्तू

हा सर्व इतिहास आपणांपासून फार दूरचा आहे असे मात्र नाही. हैदराबादेत चारमिनारजवळ आजही युनानी रुग्णालय आहे. 'युनानी' म्हणजे आयोनियाचे, अर्थात ग्रीकांचे. बगदादमार्गे अरबी व फारसीत गेलेले हिपोक्राटीस-गेलनचे वैद्यकच या नावाने दख्खनेत आले. येथील अत्तार-पसाऱ्याच्या दुकानी जी 'रुमी मस्तकी' मिळते, तीतील 'रुमी' म्हणजे रूमची; आणि अरबी-फारसी लेखकांचा रूम म्हणजे बहुधा बायझंटाइन प्रदेश. हा सुगंधी डिंक ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागातील झाडांपासून काढतात, आणि खिओसचा डिंक सर्वांत उत्तम, हे डायोस्कोरिडीसने लिहून ठेवले आहे.

देवाणघेवाण उलट दिशेनेही होती. डायोस्कोरिडीसच्याच शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या नगरांतून गाड्यांवर लादून भडोचला येणाऱ्या मालाचा उल्लेख आहे: पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून कापड. त्याच भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या जिनसांत जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, रसांजन आणि पिंपळी ही नावे आहेत. डायोस्कोरिडीसच्या ग्रंथात या वस्तू आढळतात, आणि मिऱ्याचे ग्रीक नाव 'पेपेरि' हे तर आपल्या 'पिप्पली'चेच रूपांतर होय. ग्रीक मठातील साधू जेव्हा मिरपूड घालून काढा उकळी, तेव्हा त्याच्या भांड्यात हिंदुस्थानचा माल शिजत असे.

अनुभव आणि परीक्षा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. इतक्या पिढ्यांनी अनुभव घेतला, त्याअर्थी ते खरेच असले पाहिजे, असा युक्तिवाद आपण वारंवार ऐकतो. बाडांतील तीन द्रव्यांची हकीकत त्याची मर्यादा दाखविण्यास पुरेशी आहे.

पहिले उदाहरण मस्तकीचे. पोटाच्या किरकोळ तक्रारींवर ती प्राचीन काळापासून दिली जाते. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०१५ मध्ये सौम्य अपचन आणि त्वचेचा किरकोळ दाह यांवरील पारंपरिक औषध म्हणून तिला मान्यता दिली. ही मान्यता दीर्घकाळच्या निर्वेध वापरावर आधारलेली आहे हे खरे. पण तीत मर्यादा स्पष्ट आखलेल्या आहेत.

दुसरे उदाहरण 'वाल्सामो'चे. हायपेरिकम कुळातील या वनस्पतीची पिवळी फुले जैतुनाच्या तेलात घालून बरणी काही आठवडे उन्हात ठेवतात. तेलास तांबडा रंग चढतो, आणि ते जखमा व भाजणे यांवर बाहेरून लावतात. ग्रीक घरांत व मठांत ही प्रथा अद्याप आहे. परंतु हीच वनस्पती पोटात घेतली असता शरीरातील इतर औषधांचा निचरा जलद होतो, आणि रक्त न गोठण्यासाठी किंवा रोपण केलेले अवयव टिकण्यासाठी घेतलेल्या औषधांचा परिणाम घटतो, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. बाड लिहिणाऱ्यास हे कळणे शक्य नव्हते; कारण ती औषधे त्याच्या काळी नव्हतीच.

तिसरे उदाहरण सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. 'अरिस्तोलोखिया' या वनस्पतीच्या नावाचाच अर्थ 'बाळंतपणास उत्तम' असा होतो. ती मिरे व हिराबोळ यांच्याबरोबर बाळंतिणीस द्यावी, असे डायोस्कोरिडीस सांगतो, आणि पुढे सतराशे-अठराशे वर्षे निरनिराळ्या देशांत ती याच विश्वासाने दिली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडा झाला तो असा, की या कुळातील वनस्पतींत असलेल्या एका आम्लामुळे मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. १९९३ मध्ये बेल्जियममधील वैद्यांनी वजन घटविण्याचे उपचार घेतलेल्या स्त्रियांत मूत्रपिंडाचा गंभीर विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. चौकशीत कळले, की एका निराळ्या चिनी औषधीऐवजी तिच्याशी नावाचे साम्य असलेली अरिस्तोलोखिया कुळातील वनस्पती दिली गेली होती. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या मूत्रपिंडविकाराचा संबंधही गव्हात मिसळणाऱ्या याच कुळातील तणाच्या बियांशी जोडला गेला आहे. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजेच सापसन, ही याच कुळातील आहे, हे येथे सांगून ठेवणे मी कर्तव्य समजतो.

अनुभव येथे का फसला? कारण अपाय दिसण्यास वर्षे लागली. औषध घेतले, त्या दिवशी वेदना थांबली, लिहिणाऱ्याने 'अनुभवास आलेले' असा शेरा मारला. दहा-पंधरा वर्षांनी ती स्त्री मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली, तेव्हा त्या मृत्यूचा संबंध त्या काढ्याशी जोडणे कोणासच शक्य नव्हते. परंपरा तत्काळ दिसणारा गुण आणि तत्काळ दिसणारा अवगुण टिपू शकते; सावकाश घडणारा अपाय तिच्या नजरेतून सुटतो. आथोसवरील साधूच्या 'स्वतःच्या समाधाना'ची मर्यादा हीच होय.

म्हणून बाडे टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. गेल्या काही दशकांत त्यांच्याकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी बदलली आहे. सायप्रसमधील माखेरास मठातील मित्रोफानिस या साधूच्या एकोणिसाव्या शतकातील संग्रहाचा वनस्पतिशास्त्रज्ञांनी कसून अभ्यास केला, आणि बेटावरील मठांत आज कोणत्या वनस्पती वापरल्या जातात याच्याशी तो ताडून पाहिला. क्रीटमधील मेरोनास गावच्या निकोलाओस थेओदोराकिस या लोकवैद्याने १९३० मध्ये आपली औषधांची वही नव्याने उतरून काढली होती. पॅट्रिशिया क्लार्क यांनी ती भाषांतर व टीपांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केली, आणि एका खेड्यातील वहीतील कृतींचे धागे बायझंटाइन वैद्यकापर्यंत जोडून दाखविले. ज्या वर्गाला 'भोंदू' म्हणून मोडीत काढले गेले, त्यातील एकाची वही अशा रीतीने इतिहासाचे साधन ठरली. या कामासाठी भाषा जाणणारा, वनस्पती जाणणारा आणि औषधांची परीक्षा जाणणारा अशा तिघांची गरज असते. तिघांपैकी कोणा एकाने निकाल देऊन टाकणे हाच जुना दोष होता.

आपल्या घरची बाडे

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या पणजोबांचे एक बाड आमच्या घरी होते. लांबट आकाराचे, लाल कापडाच्या बांधणीचे, सारे मोडीत. त्यातील एक पान वडिलांनी मला एकदा अडखळत वाचून दाखविले होते: खोकल्यावरचे काही चाटण होते आणि त्याचे माप गुंजा-मासे यांत दिलेले होते. मला मोडी येत नव्हती आणि शिकण्याची निकडही वाटत नव्हती. वडिलांच्या पश्चात घर बदलताना जुन्या वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर ते बाडही माझ्याच हातून रद्दीत गेले. त्यात काही मोलाचे होते, की सापसनासारखे काही धोक्याचे होते, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. मुलांना इतिहासाच्या साधनांचे महत्त्व शिकविणाऱ्या माणसाकडून हे घडले, याची खंत मला आजही आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांत, अशी बाडे अद्याप असतील. त्यांतील औषध कोणी रोग्यावर करून पाहू नये. परंतु ती टाकूनही देऊ नयेत. पानांची छायाचित्रे घ्यावीत. मोडी जाणणाऱ्याकडून मजकूर बालबोधीत उतरवून घ्यावा, आणि तो सुधारून न घेता जसाच्या तसा ठेवावा. ज्या वनस्पतीचे नाव आले असेल तिचे त्या गावातील नाव, ते सांगणाऱ्या वडील माणसाचे वय आणि शक्य तर वाळवलेली डहाळी, एवढे सोबत जोडावे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाकडून तिचे शास्त्रीय नाव ठरवून घ्यावे. आठवी-नववीच्या मुलांना हे काम झेपते आणि आवडतेही. गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेतील मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून चाळीसएक वनस्पतींची मराठी, तेलुगू व उर्दू नावे गोळा करून एका वहीत लिहिली आहेत. त्यांतील सात नावांबद्दल दोन घरांत दोन निरनिराळ्या वनस्पती दाखविण्यात आल्या. त्या सातही नावांपुढे मुलांनी दोन्ही वनस्पतींची पाने चिकटवून ठेवली आहेत, आणि निर्णयाची जागा कोरी ठेवली आहे.